बोरी अरबच्या शिवारात जहाज

बंगालच्या उपसागरात, गंगेच्या मुखापासून दक्षिणेला, २० अंश २० मिनिटं उत्तर अक्षांश आणि ८८ अंश पूर्व रेखांशावर एक संशोधन नौका थांबली आहे असं समजू या. दिवस पावसाळ्याचे आहेत. डेकवरच्या विंचमधून पोलादी दोर सुटतो, उपकरण पाण्याखाली जातं आणि तळापासून पृष्ठापर्यंत पाणी किती गरम, किती खारट याची नोंद होते. काही वर्षांनी कुणीतरी ती नोंद संगणकात टंकतं आणि ८८च्या जागी ७८ पडतं. चूक एकाच अंकाची, पण तेवढ्यानं जहाज हजार किलोमीटर पश्चिमेला सरकतं आणि येऊन थांबतं ते यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा आणि यवतमाळच्या मधल्या कपाशीच्या रानात, बोरी अरबच्या आसपास.

अशा चुका खरोखर होतात, म्हणून सागरी माहिती केंद्रांत आलेल्या नोंदीची पहिली परीक्षा अगदी साधी असते: हे ठिकाण समुद्रात आहे का? बोरी अरबला आलेलं जहाज तिथंच पकडलं जातं. पण ८८चं ८७ झालं तर? जहाज समुद्रातच राहतं आणि ही परीक्षा सहज पास होतं. मग दुसरी परीक्षा. आधीच्या नोंदीपासून या नोंदीपर्यंतचं अंतर आणि मधला वेळ घ्यायचा आणि जहाजाचा वेग काढायचा. तो विमानाइतका निघाला तर कुठंतरी गोम आहे. तिसरी परीक्षा त्याहून सुंदर आहे. खाली जाल तसं पाणी जड होत गेलं पाहिजे, कारण जड पाण्याखाली हलकं पाणी फार काळ थांबत नाही, ते वर येतं. तापमान आणि क्षारता यांवरून घनता काढली आणि खोलवरचं पाणी वरच्यापेक्षा हलकं निघालं, तर दोन आकड्यांपैकी एक तरी चुकलेला असण्याची शक्यता मोठी. भौतिकशास्त्राचा नियम इथं मुद्रितशोधकाचं काम करतो. आणि चुकीचा वाटलेला आकडाही कुणी खोडत नाही. त्याच्यापुढे ‘संशयास्पद’ अशी खूण होते आणि तो जागच्या जागी राहतो. पन्नास वर्षांनी एखाद्याला त्या चुकीचं कारण सापडेल आणि आकडा दुरुस्त होऊन कामाला येईल, ही शक्यता जपायची असते.

समुद्रापासून इतक्या दूरच्या गावाचा या आकड्यांशी संबंध केवळ टंकनाच्या चुकीपुरता नाही. बोरी अरबजवळून अडाण नदी वाहते. अडाणचं पाणी पैनगंगेत जातं, पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते. पुढे राजमहेंद्रीखाली गोदावरीला फाटे फुटतात आणि ती बंगालच्या उपसागराला मिळते. गोदावरी वर्षाला सरासरी ११० घनकिलोमीटरांच्या आसपास पाणी वाहून नेते असा अंदाज आहे. त्यात दारव्हा तालुक्यात पडलेला पाऊसही आला. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून हजार घनकिलोमीटरांहून अधिक पाणी ओततात, त्यापुढे गोदावरीचा वाटा लहान आहे, पण तोही त्याच हिशेबात धरावा लागतो. शिवाय इरावती, महानदी, कृष्णा, आणि खुद्द समुद्रावर कोसळणारा पाऊस.

एवढं गोडं पाणी आलं की समुद्राचं काय होतं? एक किलो सरासरी सागरी पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. अरबी समुद्रात हा आकडा ३६च्याही वर जातो, कारण तिथं नद्या कमी आणि बाष्पीभवन जास्त. बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात पावसाळ्यानंतर तो ३०च्या खाली उतरतो. गोडं पाणी हलकं, म्हणून ते खाली मिसळत नाही. दुधावर साय धरावी तसा त्याचा पातळ थर पृष्ठावर पसरतो. २८ अंशांच्या उबदार पाण्यात क्षारता एकाने घटली तर घनतेत पडणारा फरक, तापमान दोन अंशांहून अधिक वाढल्यावर पडणाऱ्या फरकाएवढा असतो. म्हणजे या उपसागरात कोणतं पाणी वर राहणार हे ठरवताना उष्णतेपेक्षा मिठाचा शब्द अनेकदा मोठा ठरतो.

आता पावसाळ्यात दोन्ही समुद्रांवर वारा सुटतो. अरबी समुद्रावर तो फार जोराचा असतो. तो वरचं पाणी घुसळतो, खालचं थंड पाणी वर आणतो आणि पृष्ठ थंडावतं. बंगालच्या उपसागरावर वारा तुलनेने मवाळ, त्यात हा हलका थर घुसळणीला दाद देत नाही, म्हणून पृष्ठ गरमच राहतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शेणॉय, शंकर आणि शेट्ये या तिघांनी २००२ मध्ये दोन्ही समुद्रांच्या उष्णतेचा ताळेबंद मांडून हा फरक दाखवला. ढग उभे राहायला किती गरम म्हणजे पुरेसं गरम? पुण्यात जन्मलेल्या आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्यासह १९८४ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलेल्या निबंधात त्याचं उत्तर आहे. समुद्राचं पृष्ठतापमान साधारण २८ अंशांच्या वर गेलं की त्यावर उंच, दाट ढग उभे राहण्याची शक्यता एकदम वाढते. बंगालच्या उपसागराचं पृष्ठ पावसाळाभर या उंबरठ्याच्या वर राहतं. तिथं कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात, ओडिशा आणि छत्तीसगड ओलांडून पश्चिमेकडे सरकतात आणि विदर्भात पाऊस पाडतात. अडाणला पूर आणणाऱ्या पावसाचा बराच भाग असा येतो. नदीने समुद्राला दिलेलं पाणी समुद्राला गरम ठेवतं आणि गरम समुद्र पाऊस परत पाठवतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नाही.

हे सगळं कळायला कुणीतरी तिथं जाऊन मोजावं लागतं. १९९९च्या जुलै-ऑगस्टमध्ये ‘बॉबमेक्स’ नावाच्या मोहिमेत ‘सागर कन्या’ ही नौका ऐन पावसाळ्यात उपसागराच्या उत्तर भागात एकाच जागी दिवसच्या दिवस थांबली आणि पुन्हा पुन्हा मोजत राहिली. जुलैच्या अखेरीस तिथं गोड्या पाण्याचा लोंढा पोहोचला आणि वरच्या थराची क्षारता भराभर उतरताना कागदावर दिसली. २०१६च्या पावसाळ्यात ‘सिंधु साधना’ याच उपसागराच्या दक्षिण भागात गेली, तेव्हा सोबत ब्रिटिश शास्त्रज्ञ आणि पाण्याखाली आपोआप फिरणारी यंत्रं होती. खवळलेल्या समुद्रात, भिजलेल्या डेकवर, रात्री-अपरात्री पाळीने उठून हे काम करणाऱ्यांविषयी मला फार आदर वाटतो.

खोल पाण्याचं तापमान मोजायचं कसं, हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. थर्मामीटर हजार मीटर खाली सोडला आणि वर ओढला, तर वर येईपर्यंत त्यातला पारा वाटेतल्या प्रत्येक थराशी जुळवून घेत येणार. हाती लागणार ते पृष्ठाजवळचं तापमान. १८७४ मध्ये लंडनच्या नेग्रेटी आणि झांब्रा यांनी यावर तोड काढली. त्यांचा थर्मामीटर ठरलेल्या खोलीवर उलटा होतो. उलटताक्षणी पाऱ्याचा धागा एका अरुंद वळणावर तुटतो आणि तुटलेला तुकडा तेवढाच राहतो. वर आणल्यावर तो भिंगातून वाचायचा, अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत. हा थर्मामीटर ‘नान्सेन बाटली’च्या अंगाला बसवत. एका लांब दोरावर अशा बाटल्या ओळीने अडकवून खाली सोडत आणि वरून दोरावर एक छोटं वजन घरंगळत सोडत. त्याला ‘मेसेंजर’ म्हणत. ते पहिल्या बाटलीवर आदळलं की बाटली उलटायची, तिची तोंडं बंद व्हायची, तिथलं पाणी आत कोंडलं जायचं, आणि तिच्याखाली लटकवलेला दुसरा मेसेंजर सुटून पुढच्या बाटलीकडे धावायचा. असं एकापाठोपाठ एक, अंधारात, किलोमीटरभर खाली.

त्यातही एक गोष्ट मला सगळ्यात चकित करते. दोर प्रवाहाने तिरका होतो, मग बाटली नेमकी किती खोल होती हे कसं कळणार? त्यासाठी दोन थर्मामीटर शेजारी शेजारी ठेवत. एक जाड काचेच्या नळीत, पाण्याच्या दाबापासून वाचवलेला. दुसरा उघडा. दाबामुळे उघड्या थर्मामीटरची काच किंचित दबते आणि पारा जास्त वर चढतो. दोघांतला फरक म्हणजे दाब, आणि दाबावरून खोली. एका थर्मामीटरच्या ‘चुकी’तून जमलेलं हे खोलीचं माप!

क्षारतेची कथा वेगळी. १८७२ ते १८७६ या काळात जगप्रदक्षिणा केलेल्या ब्रिटिश ‘चॅलेंजर’ जहाजाने आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले. १८८४ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की पाणी कुठल्याही महासागराचं असो, जास्त खारट असो वा कमी, त्यातल्या मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास तेच असतं. त्यामुळे सगळे क्षार मोजण्याची गरज उरली नाही. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून क्लोराइड तेवढं मोजायचं आणि बाकीचं गुणोत्तराने काढायचं. जगभरच्या प्रयोगशाळांची मापं एकमेकांशी जुळावीत म्हणून प्रमाणित सागरी पाणी काचेच्या बंद नळ्यांतून सगळीकडे पाठवलं जाई. ते दीर्घकाळ कोपनहेगनहून येई. आता पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून क्षारता काढतात. सीटीडी नावाचं उपकरण खाली जाता जाता सेकंदाला २४ वेळा वाहकता, तापमान आणि दाब नोंदवतं. भोवती गोलाकार लावलेल्या निस्किन बाटल्या हव्या त्या खोलीवर बंद होतात. तरीही बाटलीतलं पाणी जहाजावरच्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासलं जातं आणि तपासणीचं यंत्र प्रमाणित पाण्याशी ताडून घेतलं जातं. क्षारता दशांशाच्या तिसऱ्या स्थानापर्यंत विश्वासाची हवी असते, कारण खोल समुद्रातला बदल तेवढाच सूक्ष्म असतो.

आपल्या समुद्रांच्या अशा नोंदींना मोठा इतिहास आहे. मुंबईच्या गोदीत १८८१ मध्ये बांधलेल्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ या लाकडी आगबोटीने भारताभोवतीचे समुद्र धुंडाळले. तेच नाव घेतलेल्या पुढच्या जहाजावर सीमोर स्यूवेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगालचा उपसागर आणि अंदमान समुद्राचं तापमान आणि क्षारता नोंदवली. पण खरी उडी १९६०च्या आसपासची. हिंदी महासागर हा तेव्हा सर्वांत कमी माहितीचा महासागर होता. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत १९६५पर्यंत अनेक देशांची चाळीसहून अधिक जहाजं उतरली. आपल्या नौदलाची ‘आयएनएस किस्तना’ ही लढाऊ नौकाही संशोधनासाठी सज्ज होऊन त्यात होती. भारताच्या सहभागाची धुरा एन. के. पणिक्कर यांच्याकडे होती. मोहीम संपता संपता, १ जानेवारी १९६६ रोजी, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि पणिक्कर तिचे पहिले संचालक झाले. पुढे ती गोव्यात दोना पावलाला स्थिरावली. १९७६ मध्ये तिला ‘गवेषणी’ मिळाली, कोलकात्यात बांधलेल्या गाळवाहू जहाजाची केलेली संशोधन नौका. १९८३ मध्ये जर्मनीहून ‘सागर कन्या’ आली. १९८७च्या पावसाळ्यात तिने भारताच्या पश्चिम किनाऱ्याची पाहणी केली. त्यातून कळलं की कोकण आणि मलबारच्या किनाऱ्याने पृष्ठावरचा प्रवाह दक्षिणेकडे जात असताना, खालून उलट दिशेचा प्रवाह वाहतो.

हिंदी महासागर मोहिमेच्या नोंदी क्लाउस विर्त्की यांनी एका भल्यामोठ्या नकाशासंग्रहात आणल्या. तो १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. मोहीम संपल्यावर सहा वर्षांनी! पण मापं गोळा करणं जेवढं कठीण, तेवढंच ती एका भाषेत आणणंही कठीण. कुणी फॅरनहाइटमध्ये लिहिलं, कुणी सेल्सिअसमध्ये, कुणी खोली फॅदममध्ये दिली, कुणाची वेळ स्थानिक.

इथे मला या विषयाचा गाभा दिसतो. रसायनशास्त्रातला प्रयोग फसला तर तो पुन्हा करता येतो. १९६३च्या ऑगस्टमधला बंगालचा उपसागर पुन्हा मोजता येणार नाही. ती संधी कायमची गेली. त्या दिवसांबद्दल जे काही आपल्याजवळ आहे ते तेवढंच. आणि नुसता आकडा असूनही भागत नाही, तो कुणी, कुठे, कशाने, कसा घेतला हेही टिकावं लागतं.

बादलीचंच बघा. जुन्या जहाजांवर समुद्राचं पृष्ठतापमान घ्यायचं म्हणजे दोराला बादली बांधून पाणी काढायचं आणि त्यात थर्मामीटर बुडवायचा. लाकडी बादली उष्णता बरी टिकवते. किंतानाच्या बादलीतून पाणी पाझरतं, वाऱ्याने सुकतं आणि थर्मामीटर वाचेपर्यंत काही दशांश अंशांनी थंड होतं. पुढे इंजिन थंड करायला आत घेतलेल्या पाण्याचं तापमान नोंदवू लागले. ते इंजिनखोलीच्या उष्णतेमुळे किंचित जास्त येतं. बादली कसली हे लिहिलेलं नसेल, तर समुद्र तापला की बादली बदलली हे सांगणं अवघड होऊन बसतं.

व्यापारी जहाजांवरून टाकायचे एक्सबीटी हे आणखी एक उदाहरण. तांब्याच्या बारीक तारेला जोडलेलं हे छोटं उपकरण खाली पडत जातं आणि तापमान कळवतं, मग तार तुटून समुद्रात राहतं. गोव्याच्या संस्थेने चेन्नई, पोर्ट ब्लेअर आणि कोलकाता यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या जहाजांवरून १९९०पासून अशी मापं घेतली. पण एक्सबीटी खोली मोजत नाही. किती वेळ पडलं यावरून ती गणिताने काढावी लागते. पडण्याच्या वेगाचं सूत्र थोडं चुकलेलं होतं, त्यामुळे जगभरच्या आकड्यांत १९७०च्या दशकात समुद्र अवचित गरम होऊन पुन्हा थंड झाल्याचा भास झाला. २००७च्या सुमारास ही गडबड उलगडली. दुरुस्तीसाठी उपकरणाचा प्रकार माहीत हवा, आणि कितीतरी जुन्या नोंदींत नेमका तोच लिहिलेला नाही.

आणि जपानी जहाजांचे दशांश! कोबे इथं जमा झालेल्या जपानी जहाजांच्या नोंदी दुसऱ्या महायुद्धानंतर पंच कार्डांवर चढवताना तापमानातला दशांश गाळला गेला. २६.७ असेल तर नुसते २६. एका नोंदीत हे क्षुल्लक. लाखो नोंदींत मात्र उत्तर पॅसिफिक होता त्यापेक्षा थंड दिसू लागला, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निरनिराळे महासागर निरनिराळ्या वेगाने तापल्याचं चित्र उभं राहिलं. त्याची कारणं शोधण्यात अनेकांची वर्षं गेली. २०१९ मध्ये डुओ चॅन आणि सहकाऱ्यांनी गाळलेला दशांश शोधून काढला, तेव्हा त्या चित्रातला बराच विरोधाभास विरला. हवामानाचं एक कोडं कार्डावर न लिहिलेल्या एका अंकात दडलेलं होतं.

म्हणून १९९३ मध्ये युनेस्कोच्या सागरी आयोगाने ‘गोडार’ हा प्रकल्प हाती घेतला. त्याच्या नावातच ‘पुरातत्त्व’ आणि ‘सुटका’ हे शब्द आहेत. जगभरातल्या कपाटांत, तळघरांत, नौदलांच्या दफ्तरांत पडलेल्या, वाळवी लागू शकणाऱ्या, शाई उडत चाललेल्या नोंदवह्या शोधायच्या आणि त्यांतली मापं संगणकात आणायची. सिडनी लेव्हिटस हे त्याचे प्रमुख. हिंदी महासागराच्या देशांसाठीची बैठक डिसेंबर १९९४ मध्ये दोना पावलालाच भरली. या कामातून वाढलेल्या जागतिक सागरी माहितीसाठ्यात आज दीड कोटींहून जास्त नोंदी आहेत आणि तो सर्वांना मोफत खुला आहे. आपल्याकडे राष्ट्रीय सागरी माहिती केंद्राची जबाबदारी आता हैदराबादची इन्कॉइस ही संस्था सांभाळते.

एवढं जपून काय मिळालं? चॅलेंजरच्या खलाशांनी दोराला थर्मामीटर बांधून सुमारे तीनशे ठिकाणी तापमान घेतलं. पृथ्वी तापते आहे का, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. १३५ वर्षांनी डीन रोमिक आणि सहकाऱ्यांनी त्याच ठिकाणांची आजची तापमानं शेजारी मांडली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: पृष्ठ सरासरी ०.५९ अंशाने तापलं होतं, ३६६ मीटर खोलीवर ०.३९ अंशाने, ९१४ मीटरवर ०.१२ अंशाने. उष्णता वरून खाली मुरत गेल्याचं हे रेखाचित्र त्या जुन्या वह्यांविना काढताच आलं नसतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकारी यांनी २०१४ मध्ये दाखवलं की १९०१ ते २०१२ या काळात हिंदी महासागराचा पश्चिम भाग पावसाळी मोसमात सुमारे १.२ अंशाने तापला. त्या शतकाचा मोठा भाग उपग्रहांच्या आधीचा आहे, म्हणजे त्या काळापुरता आधार आहे तो जहाजांवरच्या बादल्यांचा आणि इंजिनासाठी पाणी आत घेणाऱ्या नळ्यांचा.

आज हे काम बव्हंशी आर्गो तरंडे करतात. साधारण चार हजार यंत्रं महासागरांत हजार मीटर खोलीवर वाहत असतात. दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून तापमान आणि क्षारता मोजत वर येतात, उपग्रहाला आकडे देतात आणि पुन्हा खाली जातात. मग जहाजं कशाला? कारण तरंडा वर्षानुवर्षं पाण्यात राहतो आणि त्याचा क्षारता मोजणारा भाग हळूहळू ढळतो. काही काळापूर्वी तर एका प्रकारचे बरेच संवेदक पाणी प्रत्यक्षाहून खारट दाखवू लागले होते. तरंडा परत आणून तपासता येत नाही. त्याचा आकडा खरा की खोटा हे ठरतं ते त्याच भागात एखाद्या जहाजाने बाटलीत पाणी घेऊन, प्रमाणित पाण्याशी ताडून, जपून ठेवलेल्या नोंदीवरून. खोल समुद्रातलं पाणी फार सावकाश बदलतं, त्यामुळे त्या तुलनेत कित्येक वर्षांपूर्वीची नोंदही चालते. बंगालच्या उपसागरातल्या तरंड्याचे आकडे अशा दुरुस्तीनंतर वर्षभराने किंवा त्याहून उशिरा ‘पक्के’ म्हणून नोंदले जातात, आणि मूळ न सुधारलेले आकडेही त्याच फाइलमध्ये, त्यांच्या शेजारच्या रकान्यात तसेच ठेवले जातात.